चिखलीच्या अकरा जणींना व्हिएतनामची माहिती

पासपोर्ट कमरेच्या पिशवीत ठेवायचा.
बटव्यात नाही, शालनकाकू,
बटवा तुम्ही कुठंही ठेवून उठता.
एक झेरॉक्स मोठ्या बॅगेत, एक घरी.
घरी म्हणजे कपाटात. देवामागं नको, तिथं उदबत्ती असते.

चटणी चालेल.
दोन डब्यांत वाटून घ्या, वर तेल आलेली नको.
मागच्या खेपेला गडहिंग्लजच्या एका बाईंची बॅग
पट्ट्यावरनं फिरत आली
ती तांबडी होऊन.
मिसरी नको.
(मागच्या सतरंजीवर कुणीतरी डबी कनवटीला सरकवली.
मी बघितलं नाही.)

तिथला पैसा डाँग.
आपले तीनशे-साडेतीनशे म्हणजे तिकडचे लाखभर.
शून्यं बघून घाबरायचं नाही.
बायनाबाईंनी बोटं मोजली :
आठवड्याला दोनशे, सहा वर्षं, अकरा बायका.
'आगं, कोट्यधीश हाय की आमी!'
मारुतीच्या देवळात एवढं हसलेलं
पुजाऱ्याला आवडलं नसावं.

घड्याळ दीड तास पुढं.
नळाचं पाणी प्यायचं नाही.
शनिवार धरणाऱ्यांनी पाठ करा : 'आन चाय.'
चहा नाही येत.
शाकाहारी जेवण येतं.
चहाला काय म्हणतात ते मी विचारून सांगते.

'म्हंजे तू गेली न्हाईस व्हय कधी?'

नाही गेले.
शाहूपुरीतल्या ऑफिसात सात वर्षं झाली,
लोकांना पाठवते.
आल्यावर ते फोटो दाखवतात, फ्रिजचं चुंबक देतात.
हॉटेलाच्या दारापासून डावीकडं किती पावलांवर औषधाचं दुकान,
मला माहीत आहे.
माझ्या पासपोर्टात सगळी पानं कोरी.

कुणी काही बोललं नाही.
फुलाबाईंनी शेंगदाण्याचा लाडू पुढं केला.

तर, रस्ता.
स्कूटरी एवढ्या की दसरा चौक मोकळा वाटेल.
ओलांडताना थांबायचं नाही, पळायचं नाही, माघारी फिरायचं नाही.
एका चालीनं जायचं,
त्याच तुम्हाला वळसा घालून जातात.
'म्हशीगत.'
हो, म्हशीगत.
आणि चुकामूक झाली तर उलटं :
आहे तिथंच उभं राहायचं,
जोतिबाला दीपमाळेपाशी थांबता तसं.

चौथा दिवस, बोट.
समुद्रातनं डोंगरच डोंगर वर आलेले,
पायथा दिसतच नाही.
'पुरात आमच्या माड्या दिसत हुत्या तशा,'
कुणीतरी म्हणालं, अगदी साधं,
बाजारभाव सांगावा तसं.

बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं.
मी उठून हवेतल्या हवेत हात घातले,
पुढची क्लिप लावली, पट्टा ओढला.
माझा हा भाग नेहमी चांगला होतो.

हौसाक्का गुडघ्यावर हात टेकत उठल्या.
'तसं न्हवं, पोरी.
ह्यो खालचा पट्टा मांड्यातनं घ्याचा.
न्हाईतर वर सरकतंय,
हनवटीला येऊन बसतंय,
आन् पदर आत घे.
मी आदुगर तुझ्यागतच घातलो हुतो.
जवानानं परत काढून घातलं,
दारात कंबरभर पाणी असताना.'

त्यांनी माझ्या अंगावर
नसलेला पट्टा घट्ट केला.
दोनदा ओढून बघितला.

अकरा जणी बघत होत्या.
दहा जणींना तो येत होता.
शेवंता तेवढी नवी, पुरानंतर लग्न होऊन आलेली.
तिनं विचारलं, 'पोहायला येत नसलं तर?'
'मला तरी कुटं येतंय,' हौसाक्का म्हणाल्या,
आणि बसल्या.

मी वहीत तेराव्या सूचनेपुढं
'मांड्यातनं' असं लिहिलं.
दुसरा शब्द सुचला नाही.

'ती बोट माघारी आणून सोडती न्हवं?'
हो. त्याच दिवशी, पाचच्या आत.
'त्याच दिवशी?'
हो.
'मग झालं की.'

फोटो दोन-दोन आणा.
मागं पांढरं पाहिजे.
कुंकू चालतं. चष्मा काढून.